पेन्सिल

माणूस काय बोलते ते मी फारसं ऐकत नाही.
आर्णी रोडच्या फाट्यावर, टिनाच्या या दुकानात
बोलणं फुकट असते.
मी वही पाहतो.

ढोबळ्याचा मोठा पोरगा माईक धरून
"आपलं गाव, आपली माती" म्हणते
अन् मीठसुद्धा यवतमाळच्या मॉलमधून आणते.
माझ्या वहीत त्याचं पान आहे.
कोरं.

पंचफुला आत्राम तेल घेते ते बोटभर,
बाटली तिरपी धरून थेंब पाहते उतरताना.
पण दर मंगळवारी बिस्किटाचा पुडा, पाच रुपयांचा,
जी कुत्री तिला चावली होती तिच्यासाठी.
"पिल्लं होते तिले तवा," म्हणते,
"मी बी चावली असती."

अन् नथ्थू कुमरे.
सासऱ्याच्या पायावर हात ठेवून खर्रा सोडला त्यानं.
वहीत दर तिसऱ्या दिवशी: पेन्सिल, वीस रुपये.
पोरगं त्याचं शाळा सोडून
नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर, चार वर्षं झाली.

हिशेब चुकवायला येते शेवंता, त्याची बायको.
त्या दिवशी गल्ल्यावर माय होती.
शेवंतानं ओळीवरून बोट फिरवलं,
"पेन्सिली लय लागतात बाप्पा आमच्या घरी,"
अन् वेचणीचे पैसे मोजून ठेवले.
दोघी हसल्या नाहीत.
तिच्या स्वतःच्या नावावर, सात महिन्यांत,
एक साडीपिन.

परवा रात्री लाईट गेली.
डास मारत बसण्यापेक्षा म्हटलं
आपलाही हिशेब पाहावा, मोबाईलमधला.
गाडीचा सायलेन्सर.
गेममधल्या बंदुकीचा रंग, एकोणऐंशी रुपये.
हो, रंग.
चिकन, रिचार्ज, चिकन.
अंगठ्यानं वर सारत गेलो
दिवाळीच्या मागं, पोळ्याच्याही मागं,
तेव्हा कुठं मायचं नाव लागलं:
डोळ्यात टाकायचे थेंब, बावन्न रुपये.
अन् मी तर सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरतो
मायसाठी राहिलो गावात.

सकाळी ती सांबार निवडत बसली होती,
पिवळी पानं एकीकडे, मातीची मुळं एकीकडे.
विचारलं, "माय, काई पाह्यजे का तुले?"
तिनं वर पाहिलं नाही.
"काहून रे," म्हणाली,
"पेन्सिल लागली का तुले?"