वेलीचा कोळसा

फ्रेस्नोच्या म्युझियममध्ये, शनिवारी,
दहा ते बारा, सहकुटुंब, फुकट.
दारावरची पाटी दोन भाषांत:
इंग्रजी ठळक, स्पॅनिश तिरकी,
भिंतीला टेकून उभी राहिल्यासारखी.
मी दोन्हींत बोलते. एक वाक्य इकडे, तेच तिकडे.
बारापर्यंत जिभेला पाय फुटतात
आणि पायांना गोळे येतात.

लहानपणी मी आईची दुभाषी होते,
दवाखान्यात, बँकेत, घरमालकाच्या दारात.
डॉक्टर म्हणाले गाठ,
मी आईला सांगितलं सूज.
नऊ वर्षांची होते.
सूज हा शब्द मला येत होता.

म्हणून इथे पहिला नियम फळ्यावर, दोन्ही रकान्यांत:
मुलांनी आईबापांसाठी भाषांतर करायचं नाही.
ते माझं काम. त्याचे मला पैसे मिळतात,
पार्किंगचे कापून.

नियम कोणी पाळत नाही.

आज फिदेंसिओ आलाय, पहिल्यांदाच.
पायपुसण्यावर बूट घासतो, पुन्हा घासतो.
रखवालदार डेल्बर्ट म्हणतो, या हो,
फरशी काही माझ्या बापाची नाही.
ब्रिसेइदा बापाला एका बोटाला धरून आत ओढते.

चित्रात ताट, सुरी, मेलेला ससा, द्राक्षं.
काय दिसतं? केस् वेन?
माशी! मुलं ओरडतात, द्राक्षावर माशी!
फिदेंसिओ बराच वेळ बघतो.
मग स्पॅनिशमध्ये, हळू:
ही आठ दिवस आधीच तोडलीत.
मी ते इंग्रजीत सांगते. सगळे हसतात.
तो हसत नाही.
मी पुन्हा बघते. खरंच, देठ हिरवेगार.
या चित्रापुढे मी किती वर्षं उभी राहिले.

मग कांड्या वाटते.
चारकोल, म्हणते. कार्बोनसीयो, म्हणते.
आणि सवयीनं पुढचं, तोंडपाठ:
द्राक्षवेलीच्या काड्या, बंद डब्यात जाळलेल्या.

फिदेंसिओ कांडी नाकाशी नेतो.
अंगठ्यानं चाचपत जातो,
एका गाठीपाशी थांबतो.
“येमा,” तो म्हणतो. इथे डोळा होता.

छाटणी जानेवारीत, सांगतो,
धुकं इतकं की शेजारची ओळ दिसत नाही,
फक्त कात्र्या ऐकू येतात.
काडीवर दोन डोळे राखायचे, बाकी खाली.
खाली पडलेलं पुढे कुठे जातं
हे कधी कुणाला विचारलं नाही.
हातातल्या कांडीकडे बघत:
“किती घेता एकीचे?”
मी सांगते. तो शीळ घालतो.
डेल्बर्ट दारातून डोकावतो.

येमा, मी फळ्यावर लिहिते आणि अडते.
स्पॅनिशमध्ये येमा म्हणजे वेलीचा डोळा,
अंड्यातला बलक,
आणि बोटाचं टोक, ठसा उमटतो ते.
इंग्रजी रकान्यात ‘बड’ लिहिते.
बाकी रकाना कोराच.

तो द्राक्षं काढत नाही.
ओंडक्यासारखं खोड काढतो, दोन आखूड हात,
तार, तारेमागे धुकं:
ते काढायला नुसता तळवा फिरवतो कागदावर.
धुक्यात कुणीतरी वाकलेलं आहे,
किंवा तो पुसायचा राहिलेला डाग.

मग लेकीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतो,
स्पॅनिश नाही.
मिस्तेको असावी. स्वर चढतात, घसरतात,
ती त्याच भाषेत उत्तर देते,
आणि दोघं डागाकडे बघत राहतात.

पाटीवर दोन भाषा. फळ्यावर दोन रकाने.
माझ्याकडेही तेवढ्याच.

“काय म्हणाले गं बाबा?”

ब्रिसेइदा फळ्याकडे बघते, मग माझ्याकडे.
“मुलांनी भाषांतर करायचं नाही,” म्हणते,
स्वच्छ इंग्रजीत.