खवट

करडईचं तेल काढतो मी, मंगळवार पेठेत.
शर्ट, दाराची कडी, नोटा, पोरीच्या वह्या,
सगळ्याला तेलाचं बोट लागलेलं.
आणि डॉक्टरीणबाई म्हणतात,
मुलीच्या रक्तात ई जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच.
मी हसलो. खरंच हसलो.
म्हटलं, बाई, आमच्या घाण्यातून दुसरं काय गळतं?

आधी लाइट गेली की पडायची
नीलगंगा, अकरा वर्षांची.
उजेडात चालायची, पण पायांकडे बघत,
जणू पाय शेजारणीकडून उसने आणलेत.
तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मोरीत धडपड.
लोक म्हणाले, घरात तेल सांडत असेल.
मग एकदा उंबऱ्यावर बसून विचारलं तिनं,
"अप्पा, फरशी आता गुदगुल्या का करत नाही?"
घाणा चालू होता.
माझ्या तळव्यांखाली फरशी थरथरत होती.

हैदराबादहून कागद आला.
बाईंनी त्याच्या पाठीवर चित्र काढलं:
तेलातून आठ बहिणी पोटात येतात.
यकृताच्या दारात एक हमाल असतो,
आठांतली एकच ओळखतो,
तिलाच उचलून रक्ताच्या गाडीत चढवतो.
तुमच्या पोरीच्या दारात हमालच नाही.
त्याला घडवणारं अक्षर चुकलंय,
आईकडून आलेल्या प्रतीत, आणि बापाकडून आलेल्याही.

महानंदा माझ्या मामाची मुलगी.
लग्नात सगळे म्हणाले होते, घरातली घरात राहिली.
त्या रात्री गच्चीवर बसलो दोघं,
ती चटईची काडी उपसत राहिली.
शेजारचे नरसय्या, चादरीच्या मागावरचे जॉबर,
खालूनच म्हणाले,
एक धागा तुटला तर चादर सांगत नाही हो,
दोन तुटले की भोक.

खवट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.
मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत,
झाकण सैल राहिलेला डबा मी गल्लीच्या तोंडावरून ओळखतो.
हवा लागते, एक थेंब बिघडतो,
तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला.
नसांतल्या चरबीचंही तसंच, बाई म्हणाल्या,
आपण ज्या हवेवर जगतो तिनंच ती बिघडते.
ई मध्ये पडतं, स्वतः जळतं, रांग तिथं तुटते.
आत होरपळ वाढली
की यकृत जास्त हमाल बोलावत असावं, असंही म्हणाल्या.
आमच्याकडं बोलावणं जात असेल. रोज जात असेल.

माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली खवट होत होतं
आणि मला वास आला नाही.

आता गोळ्या. जेवणासोबत, दोन वेळा, जन्मभर.
हमाल नाही तर माल इतका ओतायचा
की थोडा आपसूक गाडीत सांडेल.
गेलेलं सगळं परत येईल, असं बाई म्हणत नाहीत.
पुढचं थांबेल, म्हणतात.
धाकट्याचंही रक्त दिलंय. कागद यायचाय.

इन्व्हर्टर घेतला. पहिली वायर मोरीला.

काल भिंतीला हात लावत दुकानात आली,
तिसऱ्या डब्यापाशी थांबली.
"अप्पा, हा गेला."
मी वास घेतला. मला काही कळलं नाही.
तरी डबा बाजूला ठेवला.