पोटातून माप

शुक्रवारी सकाळी फरशी कोरडी पुसली,
सोफा भिंतीकडे लोटला
आणि गोधडीचा वरचा थर अंथरला.
मध्य बसला. कडा बसेनात.
चारी बाजूंनी तळलेल्या पापडासारख्या लाटा.
एक तळव्यानं दाबावी
तर हातभर पुढे जाऊन उठे,
आत कुणी कूस बदलत असल्यासारखी.

आधी वाटलं, एसीचा वारा.
एसी बंद केला.
फाहाहीलचा ऑगस्ट दहा मिनिटांत खोलीत आला,
लाटा होत्या तिथेच.
मग वाफेची इस्त्री. मग खळ.
मग चार कोपऱ्यांवर चार वजनं:
तांदळाची पिशवी, पाण्याचा कॅन,
जळलेला मिक्सर,
दिवाकरचे सेफ्टी बूट, जोडीनं.

कापड सगळं इथलंच.
दिवाकरचा निळा बॉयलर सूट,
ओजसचे चौकडीचे शर्ट, पाचवी ते दहावी,
एकाहून एक विटके,
माझ्या ड्युटीचे दोन फिके हिरवे अंगरखे,
आणि मधे पडद्याचं पिवळं,
ज्या घरमालकानं आठवड्यात खोली रिकामी मागितली
त्याच्या खिडकीचं.
ओजस आता कोल्हापुरात, हॉस्टेलला.
म्हणाला, इथं थंडी असते म्हणे, बाहेरची.
बुधवारी शिरगुप्पे जाताहेत,
त्यांच्या बॅगेत दोन किलोची जागा आहे.

नमाजनंतर खालचे बशीर हुर्जूक वर आले,
मूळ म्हसळ्याचे, तीस वर्षं दिशदाशा शिवणारे.
चपला दाराबाहेर, चष्मा कपाळावर.
हात लावला नाही. उकिडवे बसून नुसतं पाहिलं.
"काठाची पट्टी कशावर मापलीस?"
कडेवर ठेवली, कडेएवढी कापली.
"कडेला कशाला विचारायचं?
हाताळून हाताळून ती ताणलेली.
पोटाला विचार."

टेप मधून आडवा धरला.
मग थोडा वर, थोडा खाली.
तिन्हीकडे साठ.
कडा मात्र त्रेसष्ट सांगत होती,
खाली मान न घालता.

मग एका निळ्या तुकड्यावर त्यांचं बोट थांबलं.
"हा उरेब कापलास."
तेलाचा डाग होता, चुकवायला तिरका घेतला.
"डाग चालतो. उरेब वाढतो."
चहा अर्धाच पिऊन गेले,
खाली कुणाची तरी बाही अडली होती.

उसवायला अडीच तास.
एक टाका सोडून एक कापत,
उलट बाजूनं दोरा ओढत,
पट्टी मोकळी झाली तेव्हा तिच्यावर
भोकांची एक सरळ रांग.
नवी पट्टी साठाची.
मधे टाचणी, टोकांना टाचण्या,
मग त्या अंतराच्या मधे, आणि त्याच्याही मधे.
उरलेले तीन इंच कुठेतरी जायला हवेत;
कापून नाही जायचे.
सैल बाजू खाली, मशीनच्या दातांकडे,
दात ते हळूहळू खातात, थोडं इथं, थोडं तिथं,
चुणी पडत नाही. सावकाश चालवलं तर.

तिसरी बाजू चालू होती तेव्हा ओजसचा फोन.
कशी आहेस?
'मजेत' ओठांपर्यंत आलं होतं,
सतरा वर्षं तेच येतं.
म्हटलं, आज दिवसभर उसवत बसले रे.
तुझ्या बाबांच्या पँटचा तुकडा तिरका कापला मी,
म्हणून सगळं उठत होतं.

तो काही बोलला नाही थोडा वेळ.
मागे कुणाची तरी बादली भरत होती.
मग म्हणाला, मेसमधे मी एकटाच बसतो.
कुठला तू, असं विचारतात,
तर मी फाहाहील म्हणतो
आणि पुढे काय बोलायचं सुचत नाही.

फोन स्पीकरवर ठेवला मशीनशेजारी.
मशीन बंद केली.
कोपऱ्यातली एक निळी कड अजून
नखाएवढी उचललेली होती,
धुतल्यावर बसेल, बशीरभाई म्हणाले होते, बहुतेक.
काढलेल्या टाचण्या ओठांत धरल्या,
सात की आठ,
म्हणजे मला मधे बोलता येणार नाही,
आणि ऐकत राहिले.