सतराव्या रकान्यात नऊ

प्रश्नावली परदेशातून आली तेव्हा
पहिल्याच पानावर होतं:
एक ब्लॉक चालल्यावर धाप लागते का?
मी शब्दाला शब्द ठेवून उतरवलं
आणि दिवाडीच्या कायतानला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, बाये, ब्लॉक म्हणजे कितें?
मग खोडून लिहिलं, घरापासून फेरीच्या धक्क्यापर्यंत.
"वतना ना," तो म्हणाला. "येतना."

येताना चढ आहे.
शून्य ते पाच यांत चढ कुठे बसवायचा
हे कळायला मला पुढची अकरा वर्षं लागली.

त्याच्याही आधी बांबोळीला रात्रपाळी,
पडद्यावरच्या हिरव्या रेषा,
आणि आम्हाला शिकवलेलं एवढंच
की रेष चालू राहिली म्हणजे काम झालं.
सकाळी डिस्चार्जचा कागद:
मीठ कमी, ओझं नको, पुढची तारीख.
आगरवाड्याचा सगुण तो कागद
उलटा करून, सुलटा करून बघत राहिला.
जन्म मिठागरात गेलेला माणूस.
"सिस्टर, मीठ कमी म्हणजे
खायचं कमी की काढायचं?"

मी उत्तर दिलं. बरोबरच दिलं.
पण घरी जाताना बसमध्ये
तिकिटाच्या पाठीवर लिहिलं:
वाचल्यावर काय?

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही.
एक्केचाळिसाव्या वर्षी पीएचडीचा अर्ज,
समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले,
जगणं मोजणार? कशानं, थर्मामीटरनं?
स्कूटरवरून सांगे, सावर्डे, साळगाव,
तीनशे बारा घरं,
तीनशे बारा कुत्री म्हटलं तरी चालेल,
आणि प्रत्येक घरी चहा,
नको म्हटलं तर तेही उत्तरच समजायचे.

चांदोरला एस्पेरान्साबाई बाल्कांवात बसून
सोळा प्रश्नांची उत्तरं भराभर देत गेल्या.
झोप? तीन. पायांची सूज? दोन.
मिस्साला जाता येतं? फक्त लहान मिस्साला.
सतरावा मी जरा हळू वाचला:
आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत असं वाटतं का?
त्यांनी आत बघितलं.
आत सून कपड्यांना इस्त्री करत होती.
बाई उठल्या, दिवा लावला,
अजून उजेड होता तरी.
"तुला बरें दिसता तें बरय."

मला बरं दिसेल ते लिहायची परवानगी नसते.
मी नऊ लिहिला.
नऊ म्हणजे उत्तर नाही.
संगणक नऊ बाजूला काढतो
आणि उरलेल्यांची सरासरी देतो.

सतराव्या रकान्यात चौऱ्याऐंशी नऊ.
संख्याशास्त्रवाले म्हणाले, प्रश्न बिघडलेला आहे, गाळा.
मी गाळला नाही.
सगळं सोडून त्या चौऱ्याऐंशींवरच निबंध लिहिला,
तो दोनदा परत आला,
तिसऱ्यांदा छापला, तळटिपा वाढवून.
मग कागद न घेता त्या घरांना परत गेले,
नुसती बसायला.
सव्वीस दारांत मला सांगायला दुसरंच कोणीतरी आलं.
एस्पेरान्साबाईंचा दिवा सुनेनं लावला होता.
तिनं मला खुर्ची दिली आणि
बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

सगुण आहे.
बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो,
फावडं पुतण्याच्या हातात.
वाफ्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो,
थुंकतो.
"आनीक एक वोत जाय," म्हणतो. अजून एक ऊन.
पुतण्या थांबतो.
मग माझ्याकडे वळून,
"थुंकलं हां सिस्टर, गिळलं नाही. लिहून घे."
कशात लिहू? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
निघताना त्यानं पिशवीभर जाड मीठ दिलं,
ओलसर, करड्या रंगाचं.
मी दोन्ही हातांनी घेतलं.
माझा रक्तदाब किती असतो,
हे त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही.