रकाना

अंबव्वाचा उजवा हात मी रोज मोजतो:
मनगट किती अंश, मूठ किती किलो.
आकडे वाढतायत.
घरी मात्र, सून सांगते,
तो पदराखालीच असतो,
चहासुद्धा डाव्यानं.

मेघनाताई वही आणत नाहीत.
फरशीवर बसतात, विचारतात,
रोज किती विड्या व्हायच्या?
'हजार.'
मग बऱ्याच वेळानं, वाकड्या ओठांतून:
'कारखान्यात बायका बघतील ना.
कसा काढू बाहेर?'

हे माझ्या तपासणीत कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चेंडू पिशवीतच राहू दिला.
विडी घरकुलाचा ओटा,
सोलापुरातलं चारचं ऊन,
तिचं जुनं सूप, ओली पानं, पत्र्याचा फरमा,
आणि शेजारच्या तिघी
तेलुगूत कुणाच्या तरी जावयाला सोलत बसलेल्या.

अंबव्वा फिस्सकन हसली
आणि हात बाहेर आला
पान धरायला.

तीन वळल्या. दोन उलगडल्या.
तिसरी नरसूबाईनं उचलून
स्वतःच्या सुपात टाकली:
'बघू कोण छाटात काढतं ते.'

मी वही उघडली.
बोटं: थरथर आहे.
पुढं रकाना नव्हता.
पट्टी नव्हती,
हातानंच आखला, वाकडा.