ओंडका

बावीस कळांच्या यंत्रावर बोटं ठेवून
तीस वर्षं मी या खोलीत बसते आहे.
कोण बरोबर, हे मला कुणी विचारत नाही.
बोललेलं उतरवायचं, काना-मात्रा न हलवता.
नवी होते तेव्हा एकदा एक 'किंवा' गाळला,
आणि एक माणूस अकरा महिने जास्त आत राहिला.
ध चा मा व्हायला कारस्थान लागत नाही,
डुलकी पुरते.

आजचा खटला एका ओंडक्याचा.
नेब्रास्काच्या चिखलात बुटांचे तळ सोडून आलेल्या
कुण्या दाढीवाल्यांनी घटनेत लिहून ठेवलं:
ज्या नदीतून ओंडका वाहून जाईल
तिचा काठ सर्वांचा.
आणि डेल क्रुमहोल्ट्झने काठावर
चार तारांचं कुंपण घातलं,
कारण ऑगस्टमध्ये, तो म्हणतो,
त्या नदीतून काडेपेटीतली काडी वाहत नाही.

वर बसलेले तिघं एकाच पंगतीचे.
एकाच पक्षाने नेमलेले, रविवारी एकाच चर्चमध्ये,
एकमेकांच्या नातवंडांची नावं पाठ असलेले.
बाहेरच्यांना वाटतं, यांचं आधीच ठरलेलं असणार.
तीन दिवस झाले, जेवणाची सुट्टीसुद्धा
वेगवेगळ्या टेबलांवर.

टेस्मरसाहेबांपुढे तो जाडजूड शब्दकोश,
पाठीला जखमेची पट्टी चिकटवलेला.
"लिहिणाऱ्यांच्या कानात जो अर्थ होता, तोच.
नंतरचा कितीही गोड असला तरी आपला नाही."

हॅवरकॅम्पबाई चष्मा पुसतात, न थांबता पुसतात.
"विधानसभा रस्त्यापलीकडे आहे, ऑर्विल.
कुंपण काढायचं तर त्यांनी काढावं.
काळा झगा घातला
म्हणून राज्य आपलं होत नाही."

मग धाकटे, स्टॅनहोप, अजून खुर्चीत न मावलेले:
"पण घटना लिहिली कशासाठी?
माणसांनी नीट जगावं म्हणूनच ना?
नदी काय शब्दकोशातून वाहते?"

टेस्मर हसले. ते हसू मी उतरवलं नाही.
"हेतूच्या खिशात जो तो हात घालतो, बाळा,
आणि आपलीच नाणी काढतो."

चौथ्या दिवशी दुपारी
त्यांनी कोशाचं पान उघडलं आणि उघडंच ठेवलं.
सगळ्यांना ठाऊक होतं त्यांचं मन कुठे आहे:
ज्याची जमीन त्याची जमीन,
हे ते बापाच्या मांडीवर शिकले.
पण पानावर होतं, त्या काळी
ओंडके मार्चच्या पुरात सोडत,
बर्फ वितळलं की, वर्षातून एकदा.
आणि एकदा वाहिला तरी
ते त्याला वाहणंच म्हणत.

ते थांबले.
माझ्या यंत्रावर थांबण्याला कळ नाही.
भिंतीवरचं घड्याळ सव्वादोनचं दोन वीस झालं.
मग म्हणाले, "कुंपण निघेल.
मला हे आवडलेलं नाही.
कृपया तेही लिहा."

मी लिहिलं.
शंभर वर्षांनी कुणी माझं पान उघडेल,
तेव्हा 'आवडलेलं नाही' सापडेल त्याला.
ती पाच मिनिटं सापडणार नाहीत,
हॅवरकॅम्पबाईंनी चष्मा पुसायचा थांबवला, तेही नाही,
आणि तो म्हणेल, मूळ शब्द हेच, यापलीकडे काय असणार.
त्याचं चुकेल असंही मी म्हणत नाही.

मार्चमध्ये बहिणीकडे जाताना
मी पुलावर गाडी हळू केली.
तारा निघाल्या होत्या, खांब उभेच होते,
आणि एका खांबाला टेकून
कॉटनवुडचा एक ओंडका,
वाहत होता की अडकला होता,
पाण्यावरून काही कळेना.

मी खाली उतरले नाही.
मागच्या गाडीने भोंगा वाजवला.