ऑप्शन फॉर्म

रकाने तीनशे आहेत.
भरायला पैसे पडत नाहीत, मी फक्त प्रिंटचे घेतो,
पानाला पाच रुपये.
त्यामुळं माझं मत तुम्ही जपूनच धरा.

काल लेंगऱ्याचा एक पोरगा आला,
गडचिरोलीपर्यंत सगळं भरून गेला.
म्हणाला, असू दे, कुठं काय लागतंय.
त्याच्या आधी डॉक्टरीणबाईंचा मुलगा, दोनच.
तिसरं लिहायला हात उचलेना,
सव्वाशे पर्सेंटाइल पडल्यासारखा.

आज प्रांजल बसलीय. चौऱ्याऐंशी पॉइंट काहीतरी.
बाप सेलमला, गलाईच्या दुकानात, फोन स्पीकरवर,
मागं भट्टीचा आवाज.
"वीस भर," बाप म्हणतो. मग, "नको, तीस."
मग गिऱ्हाईक येतं, आणि फोन
नुसताच चालू राहतो.

ती वही उघडते.
सांगली, इस्लामपूर, कराड,
मग पुणे, पुण्याच्या पलीकडचं, त्याच्याही पलीकडचं.
प्रत्येकासमोर पेन्सिलीनं आकडे.
मला वाटलं, फी असंल.
वाकून बघितलं तर एसटीचे तास होते:
विट्यातनं पहाटे निघून दिवेलागणीला परत येता येतं का.
सतराव्यापासून पुढं आकडाच नव्हता.

मी विचारलं, हे नववं लागलं तर जाशील?
जाईन.
चौदावं?
जाईन.
सव्विसावं?
तिनं माऊस सोडला.

"मग ते लिहायचंच नाही," मी म्हणालो,
"जिथं जायचं नाही तिथली कडी वाजवू नये.
एखाद्या वेळी उघडतात."

हे मी फार शहाण्यासारखं बोललो.
माझ्या वेळी कागदी फॉर्म होता,
मी एकच कॉलेज भरलेलं, शाईच्या पेनानं.
हे शटर दोन हजार नऊपासून मीच उघडतो.

फोनमधनं बाप परत आला. "किती झाले?"
"एकोणीस."
जरा वेळ नुसती भट्टी.
"सोनाराच्या दुकानातला केर आणतो आपण, पोरी,
पोतंभर जाळावा तेव्हा गुंजभर हाताला लागतं.
टाक अजून थोडे."

मी खुर्चीत गप्प.
विसावं तिनं टाकलं, ते वहीत नव्हतं.
सोलापूर.
"सेलमची गाडी तिथनं जाते,"
फोनकडं न बघता म्हणाली.

मग वरच्या बाणावर क्लिक करत बसली,
एकोणीस, अठरा, सतरा...
कितव्यावर थांबली ते मी बघितलं नाही.

दोन पानं झाली.
दहा रुपये.